पुढे केलेला हात आणि न्यायाची पायरी

१७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कोल्हापुरात उद्घाटन झाले आणि करवीरकरांनी अनेक दशके चालविलेल्या लढ्यास फळ आले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची पायपीट वाचली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु न्यायमंदिर जवळ आले म्हणजे न्यायही जवळ आला, असे मात्र नेहमीच होत नाही. मंदिराचे दार सताड उघडे असूनही ज्यांच्या गाऱ्हाण्यासाठी आत पाटच मांडलेला नाही, असे काही अभागी असतात. लस टोचून घेतल्यावर ज्यांचा खांदा महिनोन्‌महिने वा कायमचा जायबंदी झाला, ते अशांपैकी होत. त्यांची संख्या थोडी, त्यांचे दुःख मृत्यूइतके भयानक नाही, म्हणून त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही की विधिमंडळात प्रश्न गाजत नाही. त्यांच्याविषयी आज दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगून टाकतो. लसीविरुद्ध ओरड करणाऱ्यांच्या पंक्तीला बसण्याची आमची मुळीच इच्छा नाही. देवीच्या रोगाने ज्या देशात घरोघरी मुले दगावत आणि जी जगत ती तोंडावर व्रण घेऊन जगत, त्या देशातून तो रोग १९७५ साली नाहीसा झाला तो लसीमुळे. जानेवारी २०११ नंतर या देशात रानटी विषाणूने पोलिओ झालेला एकही रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये तसे अधिकृत शिक्कामोर्तब झाले, तेही लसीमुळेच. लसीने वाचविलेल्या प्राणांच्या तुलनेत तिच्यापायी होणाऱ्या इजा अत्यल्प आहेत, याविषयी सुजाण माणसाच्या मनात शंका राहू नये. आमचा प्रश्न निराळाच आहे. लाखांच्या कल्याणासाठी जो उपाय योजावयाचा, त्यात एखाद्याच्या वाट्याला जी हानी येते, ती त्याने एकट्याने सोसावी की ज्या लाखांचे कल्याण झाले त्यांनी मिळून वाटून घ्यावी, एवढाच तो प्रश्न आहे.

ही इजा होते कशी, ते पाहू. मोठ्या माणसांना लस बहुधा दंडाच्या वरच्या भागातील डेल्टॉइड नावाच्या जाड स्नायूत टोचतात. खांद्याच्या टोकाचे हाड बोटाने चाचपून त्याच्या दोन-तीन बोटे खाली सुई घालावी, असा शास्त्राचा दंडक आहे. सुई त्याहून वर गेली तर तिचे टोक स्नायूच्या खाली, सांध्याचे घर्षण कमी करणाऱ्या लहानशा वंगणपिशवीत पोहोचू शकते. शरीरास प्रतिकार शिकविण्यासाठी तयार केलेले द्रव्य तेथे पडले की दाह सुरू होतो. टोचल्यानंतर दंड एक-दोन दिवस दुखणे ही सामान्य गोष्ट होय. परंतु येथे दुखणे हटत नाही, हात डोक्यावर जात नाही, रात्री कुशीवर झोपता येत नाही आणि क्रमाने खांदा आखडतो. कोणी व्यायामोपचाराने काही महिन्यांत बरा होतो, कोणाला सांध्यात औषधाची इंजेक्शने घ्यावी लागतात, तर कोणावर शस्त्रक्रियेची पाळी येते. २०१० साली अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांनी अशा १३ जणांची प्रकरणे एकत्र अभ्यासून या विकारास स्वतंत्र नाव दिले, तेव्हापासून ही केवळ रुग्णाच्या मनाची समजूत आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

खांद्याचेच काय एवढे, असे कोणी म्हणेल. असे म्हणणाऱ्याने एकदा आपल्याच जिल्ह्यात फिरून यावे. शिरोलीच्या फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाची भांडी उचलणारा कामगार, हुपरीला चांदीवर नक्षी उठविणारा कारागीर, इचलकरंजीचा यंत्रमागवाला, चामड्यावर दिवसभर हातोडी चालवून कोल्हापुरी चप्पल घडविणारा, फडात कोयता चालविणारी ऊसतोडणी करणारी बाई आणि तालमीत हजार जोर काढणारा मल्ल, या सर्वांचे भांडवल एकच आहे, आणि ते बँकेत नसून खांद्यात आहे. ज्याचा पगार महिन्याच्या पहिल्या तारखेस बिनबोभाट जमा होतो, त्याला सहा महिन्यांचा दुखरा खांदा म्हणजे त्रास. ज्याची मजुरी रोजच्या रोज हातावर पडते, त्याला तोच खांदा म्हणजे उपासमार. वैद्यकीय पुस्तकात किरकोळ ठरणारी इजा संसारात किरकोळ ठरतेच असे नाही.

आता असा माणूस दाद मागावयास निघाला, तर त्याच्यापुढे कोणती दारे आहेत? पहिले दार ग्राहक आयोगाचे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असा सुप्रसिद्ध निर्णय दिला खरा, परंतु जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते अशी रुग्णालये त्याच निर्णयाने कक्षेबाहेर राहिली. याचा परिणाम कसा चमत्कारिक होतो पाहा. कोविडच्या लसीकरणात २०२१ साली खाजगी रुग्णालयांना लसीच्या किमतीवर जास्तीत जास्त १५० रुपये सेवाशुल्क घेण्याची मुभा होती. ज्याने ते भरले तो ग्राहक ठरला आणि त्याला दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा आयोगापुढे तक्रार नेण्याची वाट मिळाली. जो सरकारच्या हाकेला ओ देऊन महापालिकेच्या केंद्रावर पहाटेपासून रांगेत उभा राहिला, त्याने पैसे दिले नाहीत म्हणून तो ग्राहक नव्हे! लस तीच, सुई तशीच, खांदा माणसाचाच. मात्र गरिबाच्या खांद्याला आयोगाचे दार बंद.

दुसरे दार दिवाणी न्यायालयाचे. शासनावर दावा लावावयाचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमान्वये आधी दोन महिन्यांची नोटीस दिली पाहिजे. नंतर वादीने सिद्ध करावयाचे ते असे, की सुई अमुक जागी, अमुक कोनातून, अमुक इतकी वर घातली गेली व त्यात निष्काळजीपणा झाला. आता ज्या क्षणी सुई टोचली जाते, त्या क्षणी बहुतेक माणसे तोंड दुसरीकडे फिरवितात! टोचल्याची खूण चार दिवसांत पुसली जाते. कोविडच्या प्रमाणपत्रावर लसीचे नाव होते, तारीख होती, टोचणाऱ्याचे नावही होते, परंतु लस कोणत्या दंडात टोचली याची नोंद नव्हती. लसीकरणानंतर केंद्रावर अर्धा तास थांबविण्याची पद्धत होती. ती अचानक येणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेसाठी योग्यच होती, पण खांद्याचे हे दुखणे पुष्कळदा घरी गेल्यावर, एक-दोन दिवसांत डोके वर काढते. अशा स्थितीत पुरावा आणावयाचा कोठून? तज्ज्ञाचे मत हवे, चुंबकीय तपासणीचे चित्र हवे, वकिलाची फी हवी आणि तारखांमागून तारखा घेण्याइतके आयुष्य हवे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवानेच रचली असली पाहिजे.

तिसरे दार रिट अर्जाचे. ते कोविडनंतर काहींनी ठोठावले, पण मृत्यूसारख्या भीषण हानीसाठी. महाराष्ट्रातील एका पित्याने आपल्या मुलीचा मृत्यू लसीमुळे झाल्याचे सांगून मुंबई उच्च न्यायालयाकडे १००० कोटी रुपयांची भरपाई मागितली आणि २०२२ साली न्यायालयाने प्रतिवादींस नोटिसा काढल्या. दोन मुलींच्या पालकांची अशीच कैफियत सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मधील प्रतिज्ञापत्रात केंद्र सरकारने भूमिका घेतली ती अशी, की लस घेण्याची कायद्याने कोणावर सक्ती नव्हती, लसीच्या विपरीत परिणामांबद्दल सरकारला भरपाईस थेट जबाबदार धरता येणार नाही आणि ज्यांना दाद मागावयाची त्यांना दिवाणी न्यायालये मोकळी आहेत.

या युक्तिवादातील पहिला भाग आम्हांस विशेष खटकतो. कायद्याने सक्ती नव्हती हे अक्षरशः खरे. २ मे २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयानेही कोणास लस घेण्यास भाग पाडता येणार नाही असे स्पष्ट केले होते. परंतु ऑगस्ट २०२१ मध्ये याच महाराष्ट्रात दोन्ही मात्रा घेतल्याखेरीज मुंबईच्या सामान्य नोकरदारास लोकलचा पास मिळत नव्हता. पोटासाठी ज्याला रोज गाडी गाठणे भाग, त्याच्या दृष्टीने ही ऐच्छिकता कोणत्या जातीची होती? आणि सक्ती नव्हती असे क्षणभर मान्य केले, तरी सरकारची नैतिक जबाबदारी उलट वाढते. सक्तीने हात पुढे करणाऱ्यापेक्षा राष्ट्राच्या आवाहनावर विश्वास ठेवून स्वखुशीने हात पुढे करणारा अधिक आदरास पात्र नव्हे काय? त्याला 'तू आपखुशीने आला होतास' असे सुनावणे म्हणजे त्याच्या विश्वासालाच दंड करणे होय.

दोष सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, हे तत्त्व आमच्या कायद्यात अभंग आहे असेही नाही. १९२३ च्या कायद्याने कामावर जायबंदी झालेल्या कामगारास मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई मिळू लागली. भोपाळच्या वायुकांडानंतर १९९१ साली घातक द्रव्ये हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी तसाच कायदा झाला. मोटार वाहन कायद्याच्या आजच्या १६४ व्या कलमान्वये अपघातात जबर दुखापत झालेल्यास कोणाचाही दोष न दाखविता अडीच लाख रुपये मागता येतात. आणि सर्वांत बोलके उदाहरण औषधचाचण्यांचे आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे नव्या लसीच्या चाचणीत भाग घेणाऱ्यास त्या चाचणीमुळे इजा झाली, तर वैद्यकीय उपचार व भरपाई द्यावीच लागते. म्हणजे लस सिद्ध होण्यापूर्वी जे काहीशे-काहीहजार लोक ती टोचून घेतात त्यांना नियमाचे छत्र आहे, आणि ती सिद्ध झाल्यावर सरकारच्या शब्दावर जे कोट्यवधी लोक टोचून घेतात ते उघड्यावर. या विसंगतीचे समर्थन कोणत्या तर्कशास्त्राने होणार?

महाराष्ट्राला तर या प्रश्नाची ओळख सव्वाशे वर्षांची आहे. प्लेगच्या काळात वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी ती लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि बाटली गावात उघडताना झालेली चूक हे खरे कारण असावे हे मान्य होऊन ते दोषमुक्त ठरले, तेव्हा १९०७ साल उजाडले होते. १९२५ साली मुंबईच्या त्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. पाच वर्षे वाद रंगला तो 'दोष कोणाचा' या एकाच प्रश्नावर. त्या प्रश्नाने एका थोर शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षे खाल्ली आणि मेलेल्यांच्या घरी चूल पेटण्याशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. केवळ दोष हुडकणारा कायदा लस देणारा व लस घेणारा या दोघांनाही कसा जाचक होतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

इतर राष्ट्रांनी या चक्रातून वाट काढली आहे. पश्चिम जर्मनीने १९६१ सालीच, समाजाच्या हितासाठी व्यक्तीने सोसलेल्या हानीचा भार समाजाने उचलावा या तत्त्वावर लसीच्या इजेस भरपाईचा कायदा केला. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने स्वतंत्र यंत्रणा उभारली. प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून रक्षण करते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर घेऊन निधी जमतो, आणि कोणती इजा किती काळात दिसली म्हणजे ती लसीची मानावी याचा तक्ताच कायद्याला जोडला आहे. २०१७ साली त्या तक्त्यात खांद्याची इजा दाखल झाली. पूर्वी त्या खांद्याचे दुखणे नसावे, टोचल्यापासून ४८ तासांत दुखू लागलेले असावे, वेदना व आखडणे त्याच खांद्यापुरते असावे आणि अन्य कारण आढळू नये, एवढे दाखविले की सुई चुकली कशी हे सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर राहत नाही. मात्र परिणाम सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असला पाहिजे, अर्ज तीन वर्षांत केला पाहिजे आणि वेदनेपोटी मिळणाऱ्या रकमेला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. सद्हेतूने व सबळ आधाराने केलेला अर्ज फेटाळला गेला तरी वकिलाचा वाजवी खर्च निधीतून मिळू शकतो. उलट ब्रिटनच्या १९७९ च्या कायद्यात एक लाख वीस हजार पौंडांची ठोक रक्कम आहे, पण अपंगत्व साठ टक्के असल्याखेरीज एक पैही नाही. अशा उंच उंबरठ्यावरून आखडलेला खांदा आत जाणार कसा? आपण कायदा करताना यातले कोणते वळण घ्यावयाचे आणि कोणते टाळावयाचे, हे यावरून स्पष्ट होते.

आक्षेप घेतले जातील, हे आम्ही जाणतो. पहिला असा, की ही इजा लसीची नसून टोचणाऱ्या हाताची आहे, मग लसीच्या निधीतून भरपाई का? नेमका हाच मुद्दा पुढे करून अमेरिकेच्या सरकारने जानेवारी २०२१ मध्ये खांद्याची इजा तक्त्यातून वगळण्याचा नियम काढला होता आणि नव्या सरकारने तो एप्रिलमध्ये रद्द केला. आमच्या मते हा भेद कागदावरचा आहे. लस बाटलीत राहून कोणाचे रक्षण करीत नाही, हात आणि सुई हे तिचेच अंग होय. शिवाय तो हात कोणाचा आहे? भर उन्हात, शाळेच्या व्हरांड्यात, एकामागून एक शेकडो लोकांना टोचणाऱ्या परिचारिकेचा. त्या गर्दीत एखादी सुई बोटभर वर गेली, तर त्यासाठी तिला आरोपीसारखे न्यायालयात उभे करण्याची आमची इच्छा नाही. दोषनिरपेक्ष भरपाईने जखमीला पैसा मिळतो आणि परिचारिकेची अब्रूही वाचते. चूक दडविण्याचे कारण उरले नाही की ती नोंदविली जाते, आणि नोंदली गेलेली चूकच पुढे सुधारते.

दुसरा आक्षेप असा, की भरपाईची भाषा ऐकून लोक लसीला भितील. आम्हांस उलटेच वाटते. पाण्यात पडलेल्यास काढण्यासाठी दोर ठेवलेला आहे हे पाहून कोणी पोहावयाचे सोडीत नाही. लोक भितात ते इजेला जितके, त्याहून अधिक इजा झाल्यावर आपल्याला कोणी वाली नाही या जाणिवेला. दडविलेल्या एका दुखापतीतून दहा अफवा जन्म घेतात. मान्य करून भरून दिलेल्या दुखापतीतून विश्वास जन्मतो.

तिसरा आक्षेप पैशाचा. कोविडच्या मोहिमेत देशात २२० कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. प्रत्येक मात्रेमागे एक रुपया बाजूला ठेवला असता तर २२० कोटी रुपयांचा निधी उभा राहिला असता. ज्या शासनाने सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्णयानंतर कोविडने मेलेल्यांच्या वारसांना प्रत्येकी ५० हजार रुपये दिले, त्याला एवढा भार पेलला नसता असे कोण म्हणेल? तोतये अर्जदार येतील हे खरे, ते कोठे येत नाहीत? ४८ तासांची अट, पूर्वीच्या दुखण्याची तपासणी आणि सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोगतज्ज्ञाचा दाखला या चाळणीतून भुसा गळून पडेल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. न्यायालयाच्या आदेशातून एखाद्या साथीपुरते धोरण येते, पण ते त्या साथीपुरते व त्या लसीपुरतेच असते. गर्भवतीस धनुर्वाताची लस आजही दंडातच टोचतात आणि शाळेतील दहा व सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही. तेव्हा सर्व लसींसाठी, सर्व काळासाठी संसदेने स्वतंत्र कायदा करावा. त्यास इजांचा तक्ता जोडावा व त्यात खांद्याच्या इजेला निःसंकोच जागा द्यावी. फुकट लस घेणारा व पैसे देऊन घेणारा असा भेद ठेवू नये. लसीकरणानंतरच्या विपरीत घटनांची चौकशी करणाऱ्या समित्या जिल्हा पातळीवर आहेतच. त्यांच्याच अहवालावर ठरावीक मुदतीत निकाल देणारा अधिकारी जिल्ह्यातच असावा, आणि त्याच्या निकालाने समाधान न झाल्यास न्यायालयाचा मार्ग खुला राहावा. कायदा होईतो एवढे तरी तत्काळ करता येईल: प्रत्येक लसीच्या कार्डावर कोणत्या दंडात टोचली याची नोंद व्हावी, खांदा दोन दिवसांत दुखू लागून दुखतच राहिल्यास कोठे कळवावयाचे ते त्याच कार्डावर मराठीत छापावे, आणि टोचणाऱ्यास आधी हाड चाचपण्याची शिस्त पुनःपुन्हा शिकवावी. नागरिकांनीही टोचताना दंडाचा वरचा भाग पुरता उघडा करावा व स्वतः खाली बसून घ्यावे. अर्धवट सरकविलेली बाही ही सुई वर जाण्याचे एक नेहमीचे निमित्त असते.

या नगरीने शाहू छत्रपतींच्या काळात प्लेगचे थैमान पाहिले आहे. साथ कोणा एकट्याची नसते आणि तिच्याशी लढाही एकट्याने देता येत नाही, हा त्या दिवसांचा धडा होता. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण ती आली की सरकार पुन्हा दवंडी पिटणार आणि लोकांनी हात पुढे करावा म्हणून विनविणार, हे निश्चित. तो हात पुढे यावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी मागच्या वेळी पुढे केलेला जो हात आजही डोक्यावर जात नाही, त्याचा हिशेब आधी चुकता केला पाहिजे.